चहा तेवढाच, मग धडधड आत्ताच का? कॅफिनच्या धोक्यांबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय 29, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, शिफ्ट बदलत राहते, दिवसाला सात-आठ कटिंग चहा, नाइटला एखादं एनर्जी ड्रिंक, वर्षभरापासून जिम आणि जिमच्या आधी दीड स्कूप प्री-वर्कआऊट (व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली पावडर). आता दीडेक महिना झाला रात्री आडवं पडलं की छातीत धडधडतं, झोप मोडते, हात बारीक थरथरतात. घरी मिसेस पाच महिन्यांच्या गरोदर, आईंना बीपी आणि थायरॉईड. विचारताय की कॅफिनने हार्टला धोका असतो का आणि सगळं एकदम बंदच करू का. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय, की दोन महिन्यांपूर्वी सिगरेट पूर्ण सोडली, तरी तब्येतीचं हे असं.

सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. मी फॅमिली फिजिशियन आहे, बरेचसे पेशंट सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधलेच, आणि सिगरेट सोडल्यावर दोन-चार आठवड्यांत 'डॉक्टर, घाबरल्यासारखं होतंय' म्हणून येणारी माणसं मी नेहमी बघतो. त्यांना मी पहिला प्रश्न चहाचा विचारतो.

होतं काय की कॅफिन आपल्या लिव्हरमध्ये एका एन्झाइमने मोडलं जातं, सीवायपी 1ए2 त्याचं नाव. सिगरेटच्या धुरातली काही रसायनं (निकोटिन नाही, धूर, म्हणून निकोटिनच्या च्युइंगमने हे होत नाही) या एन्झाइमला जोरात पळवतात, त्यामुळे सिगरेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन न ओढणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं. म्हणून टपरीवर चहा-सिगरेट, चहा-सिगरेट असं दिवसभर चालतं तरी माणूस रात्री घोरत पडतो. सिगरेट सोडली की आठवड्याभरातच लिव्हर आपल्या मूळ चालीवर येतं. तुम्ही चहा एक घोटही वाढवला नाही, पण रक्तात राहणारं कॅफिन साधारण दुप्पट झालं. मग हात थरथरणं, धडधड, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं आणि माणसाला वाटतं ही सिगरेटची तलफ आहे, सोडणं आपल्याला सोसत नाहीये, आणि तो परत एक पेटवतो. पेटवल्यावर बरंही वाटतं, हीच तर फसगत आहे. तेव्हा कृपा करून सिगरेटकडे परत जाऊ नका, कॅफिन निम्म्यावर आणा.

आता तुमचा हिशोब करू. राष्ट्रीय पोषण संस्था, म्हणजे हैदराबादची एनआयएन, त्यांनी 2024 मध्ये आहाराच्या सूचना काढल्या त्यात 150 मिली चहात 30 ते 65 मिलीग्रॅम कॅफिन दिलंय, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि डिकॉक्शनच्या कॉफीत 80 ते 120. दिवसाची मर्यादा त्यांनी 300 सांगितलीय, युरोप-अमेरिकेत निरोगी माणसाला 400 पर्यंत चालतं म्हणतात. आपला कटिंग म्हणजे त्या कपाच्या निम्मा, म्हणजे 15 ते 30 धरा. आठ कटिंगचे दीडशे-दोनशे झाले, एवढं काही भयंकर नाही. पण तुमच्या प्री-वर्कआऊटच्या डब्यावर एका स्कूपला 200 लिहिलंय असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे दीड स्कूपचे 300, आणि ज्या दिवशी एनर्जी ड्रिंक असतं त्या दिवशी आणखी 75. बेरीज सव्वापाचशे ते पावणेसहाशे. आणि हे अशा लिव्हरमध्ये जातंय ज्याचा वेग नुकताच निम्मा झालाय. लोक चहाला शिव्या देतात पण तुमच्या बाबतीत खरा वाटा त्या डब्याचा आहे.

हार्टचं विचारलंत. कॅफिन करतं काय, तर मेंदूत दिवसभर अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो जो आपल्याला पेंग आणतो, कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. सोबत अ‍ॅड्रिनॅलिन थोडं वाढतं, नाडी जोरात लागते, बीपी थोडा वेळ वर जातं, सवय नसलेल्यात जास्त आणि रोज पिणाऱ्यात कमी. निरोगी हृदयाला रोजच्या दोन-तीन कप कॉफीने झटका येतो असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट कॉफीवरचे बरेच अभ्यास तिच्या बाजूनेच जातात. 2023 मध्ये अमेरिकेत 100 निरोगी लोकांवर एक छान प्रयोग झाला, दोन आठवडे त्यांना एक दिवस कॉफी प्या, एक दिवस पिऊ नका असं मेसेजवर सांगत होते आणि अंगावर ईसीजीची पट्टी, हातात चालणं-झोप मोजणारा बँड. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके कॉफीने वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले मात्र वाढले, आणि कॉफीच्या दिवशी झोप सरासरी 36 मिनिटं कमी झाली. चालणं मात्र हजारेक पावलांनी वाढलं, ते असो. तो खालच्या कप्प्यातला जादा ठोका म्हणजेच 'एक ठोका चुकल्यासारखा वाटतो' असं पेशंट सांगतात तो. हृदय चांगलं असेल तर बहुतेक वेळा तो निरुपद्रवी असतो, पण रात्री शांततेत डाव्या कुशीवर झोपलं की तोच इतका जाणवतो की माणूस उठून बसतो.

आणि मला विचाराल तर कॅफिनचा रोजचा, सर्रास, सगळ्यांना होणारा तोटा हार्टचा नाहीच, झोपेचा आहे, आणि तो कोणी मनावर घेत नाही. सिगरेट न ओढणाऱ्या माणसात कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कोणाला दोन तर कोणाला नऊसुद्धा, हा ज्याच्या त्याच्या जीन्सचा भाग. तुम्ही संध्याकाळी सातला 300 घेतलं तर बाराला 150 शिल्लक, म्हणजे एक चांगला मोठा मग कॉफी पिऊन झोपायला गेल्यासारखं, आणि पहाटे पाचला अजून 75 आहेच. 2013 च्या एका अभ्यासात झोपायच्या 6 तास आधी 400 मिलीग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटली, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांना ते स्वतःला नीट कळलंच नव्हतं. 'मला तर रात्री कॉफी पिऊनपण झोप लागते' हे वाक्य मी रोज ऐकतो. लागते हो, पण खोल लागत नाही, सकाळी अंग जड, मग सहाला चहा, आठला चहा, आणि चक्र चालू. शिफ्टवाल्यांचं तर विचारूच नका. नाइटला ड्युटीच्या पहिल्या निम्म्या भागात काय प्यायचं ते प्या, रात्री दोननंतर काही नको, नाहीतर सकाळी घरी जाऊन पडद्याआड पडून राहाल आणि छताकडे बघत बसाल. आणि कसाऱ्याच्या घाटातून पहाटे गाडी काढणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो, चहाने डोळे उघडे राहतात पण झोपेची डुलकी यायची ती येतेच, कॅफिनच्या भरवशावर स्टेअरिंग धरू नका, गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा.

प्री-वर्कआऊटवर थोडं जास्त बोलायला लागेल कारण गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत प्रत्येक जिममध्ये हे डबे आलेत आणि पोरं लेबल न वाचता घेतायत. एका वेळी 200 च्या पुढे जाऊ नये असं युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये सांगितलंय, तुम्ही एका दमात 300 घेताय आणि लगेच वजन उचलताय, जेव्हा बीपी तसंही चढलेलं असतं. लेबलवर 'कॅफिन अ‍ॅनहायड्रस' (म्हणजे कोरडं, पावडरीतलं कॅफिन) शोधा, खाली 'ग्वाराना' असेल तर तेही कॅफिनच, वेगळ्या नावाने. योहिम्बिन, सिनेफ्रिन असं काही दिसलं तर तो डबा ठेवून द्या, ही कॅफिनच्या जोडीने हृदयाला पळवणारी औषधं आहेत. आणि नुसतंच 'ब्लेंड' म्हणून एक आकडा दिलाय, आतलं काय किती ते दिलेलं नाही, तर तो घ्यायचाच नाही. पाण्याशिवाय कोरडी पावडर तोंडात टाकायचं जे रील्सवर चालतं ते तर निव्वळ येडेपणा, पावडर श्वासनलिकेत जाते आणि सगळा डोस एकदम चढतो. शुद्ध कॅफिनची पावडर ऑनलाइन मिळते, तिचा एक चहाचा चमचा म्हणजे जवळजवळ 28 कप कॉफी असं अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) म्हटलंय. झटपट 1200 मिलीग्रॅम पोटात गेलं तरी फिट्स येऊ शकतात आणि जीव जाणारा डोस साधारण 5 ते 10 ग्रॅमचा. चहा-कॉफी पिऊन कोणी तिथपर्यंत पोचत नाही, आधी उलटी होते. पावडर आणि गोळ्यांनी पोचता येतं.

एनर्जी ड्रिंक: आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमाने लिटरला 145 ते 300 मिलीग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त 75, आणि लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये हे लेबलवर लिहावं लागतं. बारीक अक्षरात असतं. तुमच्यासाठी एक बाटली म्हणजे तीन-चार कटिंग, पण पाचवीतल्या 25 किलोच्या पोराला हीच एक बाटली म्हणजे त्याची दिवसाची मर्यादा एका झटक्यात संपली, कारण मुलांसाठी किलोमागे 3 मिलीग्रॅम हा वरचा आकडा धरतात. शाळेबाहेरच्या टपरीवर वीस रुपयांत मिळतं आणि आईवडिलांना ते कोल्ड्रिंकच वाटतं. 2024 च्या जुलैत विधान परिषदेत आपल्या नाशिक पदवीधरचे आमदार सत्यजीत तांबे यांनी यावर प्रश्न विचारला होता आणि तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या 500 मीटरच्या आत विक्रीवर बंदी आणू असं उत्तर दिलं होतं. तुमच्या घराजवळच्या शाळेसमोर एक चक्कर मारा आणि काय दिसतं ते बघा.

आता मिसेस. गरोदरपणात हेच एन्झाइम मंद होत जातं, शेवटच्या तीन महिन्यांत कॅफिन निम्मं व्हायला 15 तासांपर्यंत लागू शकतात, आणि बाळाकडे तर ते मोडायची यंत्रणाच तयार नसते, आईच्या रक्तातलं जसंच्या तसं वारेतून पलीकडे जातं. जास्त कॅफिनचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी आणि गर्भपाताशी जोडला गेलाय. दिवसाला 200 च्या आत ठेवायचं, म्हणजे घरचे दोन कप चहा बिनधास्त, त्यावर कॉफी, कोला, चॉकलेट चढवू नका. सासूबाई म्हणतात म्हणून चहा पूर्ण तोडायची गरज नाही. बाळ झाल्यावर दुधातून अगदी थोडं जातं पण नवजात बाळाला ते निम्मं करायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे बाळ उगाच किरकिर करत असेल तर आईचा चहा कमी करून बघायला हरकत नाही. (वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हेच कॅफिन औषध म्हणून देतात, डोस मोजून. औषधच आहे ते, आपण कपातून घेतो एवढंच.)

मिसेससाठी कॅफिनपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लोहाची गोळी. ती चहासोबत घेतली तर पैसे आणि गोळी दोन्ही पाण्यात. इथे दोषी कॅफिन नाही, चहातलं टॅनिन आहे, ते लोहाला धरून ठेवतं आणि जेवणासोबतच्या चहाने डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागणं निम्म्याहूनही घटू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्त कमी निघालंय आणि आपल्याकडे मटकीची मिसळ संपते न संपते तोच चहा पुढ्यात येतो. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको, असं एनआयएननेच सांगितलंय. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला.

आईंचं. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यासोबत आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. बऱ्याच मावशी गोळी आणि चहा एकाच वेळी घेतात, मग टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलाच राहतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि महिना-दोन महिन्यांनी परत तेच. बीपी मोजायच्या अर्धा तास आधी चहा नको, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो. एक जपानी अभ्यास 2022 च्या शेवटी आला, त्यात ज्यांचं बीपी 160/100 किंवा त्याच्या वर होतं अशा लोकांमध्ये रोज दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांचं हृदयविकार-पक्षाघाताने मरायचं प्रमाण न पिणाऱ्यांच्या दुप्पट निघालं, ग्रीन टीमध्ये मात्र तसं दिसलं नाही. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे, कॉफीनेच झालं असं त्यातून ठरत नाही, पण आईंचं बीपी गोळ्या घेऊनही एवढं वर असेल तर मी तरी त्यांना कॉफी पिऊ देणार नाही. दोन कप चहाला माझी ना नाही.

घरात आणखी कोणाला औषधं चालू असतील तर तीही बघा. दम्यासाठी थिओफायलिन असलेली गोळी कॅफिनच्याच खानदानातली, दोन्ही मिळून धडधड आणि मळमळ वाढते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि गर्भनिरोधक गोळ्या कॅफिन अंगात जास्त वेळ ठेवतात. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असणाऱ्यांनी चहा अचानक बंद किंवा अचानक डबल करू नये, त्याने रक्तातली लिथियमची पातळी हलते, आधी आपल्या सायकियाट्रिस्टला सांगा. पॅनिक अ‍ॅटॅकचा त्रास असणाऱ्यांना तर जास्त कॅफिनने अ‍ॅटॅक प्रत्यक्ष येऊ शकतो, हे प्रयोगात करून बघितलेलं आहे.

पित्ताचं सगळ्यांना माहितीच आहे, उपाशीपोटी चहा आणि वरून तासन्तास न खाणं, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. हाडं ठिसूळ होणं, पाणी कमी होणं हे जरा फुगवून सांगितलं जातं, दूध-भाकरी नीट खाणाऱ्याला दोन-तीन कपांनी काही होत नाही. साखर मात्र मोजा. एका कटिंगमध्ये सव्वा चमचा धरला तरी आठ कटिंगचे दहा चमचे, म्हणजे 45-50 ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते 25 च्या आत असेल तर उत्तम. गुळाच्या चहाने यात काही फरक पडत नाही, गूळही साखरच. ग्रीन टीत कॅफिन नसतं हाही गैरसमज आहे, असतं, थोडं कमी. नुसता गवती चहा, म्हणजे चहापत्ती न टाकता पात आणि आलं उकळून, त्यात मात्र शून्य. मी स्वतः संध्याकाळी तोच घेतो.

बंद कसं करायचं. एकदम नको. रोजचं कॅफिन अचानक तोडलं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं, मरगळ, चिडचिड, लक्ष लागत नाही, आठवड्याभराने ओसरतं. हरतालिकेच्या निर्जळी उपासाला दुपारनंतर बायकांचं डोकं ठणकतं त्यात भुकेइतकाच चहाचा हात असतो, आणि त्यावर जी गोळी घेतात तिच्यात कधी कधी 30-50 मिलीग्रॅम कॅफिन असतंच, म्हणून तर लगेच उतरतं. अशा गोळ्या आठवड्यातून तीन-तीन वेळा लागायला लागल्या तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते.

तुम्ही असं करा, प्री-वर्कआऊट आजपासून बंद, त्याला टप्पे नकोत कारण चहातून थोडं मिळत राहणारच आहे. जिमच्या आधी केळं खा आणि अगदीच वाटलं तर एक कटिंग. एनर्जी ड्रिंक पण बंद. चहा तीन-चार दिवसांनी एक-एक कटिंगने खाली आणत चारवर थांबा, डे शिफ्टला शेवटचा दुपारी तीनच्या आत. सोबत एक ईसीजी, हिमोग्लोबिन आणि टीएसएच करून घ्या, कारण थायरॉईड जास्त काम करत असेल किंवा रक्त कमी असेल तरी हुबेहूब हीच लक्षणं असतात आणि तुमच्या घरात थायरॉईड आहे. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, नाडी एकदम वेडीवाकडी लागली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तसं काही नसेल आणि कॅफिन कमी करून दोन-तीन आठवड्यांनीही धडधड तशीच राहिली, तर मग कॅफिनवर खापर फोडू नका, कार्डिऑलॉजिस्टला दाखवून 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधायचं ईसीजीचं यंत्र) लावा, त्यात धडधडतं त्या वेळी हृदय नक्की काय करतंय ते कागदावर येईल.